गंभीर आजार, शुश्रूषा आणि संशोधन: खान्देशातल्या वॉर्डांतून येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वॉर्डांत नातेवाईक जे विचारतात आणि नर्सिंगची मुलं-मुली संशोधनाचा विषय शोधताना जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोघांना एकाच पानावर आणलं ते मुद्दाम. नातेवाइकांना पडलेल्या प्रश्नांतूनच चांगले विषय निघतात, असं आम्हा शिकवणाऱ्यांना वाटतं. औषधाचा डोस इथे कुठेही दिलेला नाही, तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

संशोधन तर डॉक्टर करतात. सिस्टरचं कसलं संशोधन?

डॉक्टर बघतात गाठ किती कमी झाली ते. सिस्टर बघते रात्री झोप लागली का, पाणी गिळताना ठसका लागतो का, माकडहाडावरची कातडी लाल झाली का, आणि घरी गेल्यावर ड्रेसिंग कोण करणार. या सगळ्या गोष्टी मोजता येतात, दोन पद्धतींत तुलना करता येते, आणि कोणती पद्धत बरी हे ठरवता येतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई आठवते. पण क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर तिने सरकारपुढे ठेवले ते मृत्यूचे आकडे. सैनिक जखमांपेक्षा जास्त करून टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते, हे तिने १८५८ मध्ये वर्तुळाकार आलेखातून दाखवून दिलं. नर्सिंग कॉलेजांच्या भिंतीवर दिव्याचं चित्र असतं, आलेखाचं नसतं. खरं तर उलट हवं.

‘गंभीर आजार’ म्हणजे फक्त कॅन्सर का?

नाही. निकामी झालेली किडनी, थकलेलं हृदय, अर्धांगवायू, वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून किंवा विडी ओढून खराब झालेली फुप्फुसं, औषधांना न जुमानणारा क्षय, सिकलसेल, म्हातारपणातला स्मृतिभ्रंश, हे सगळे यात येतात. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर मात्र वॉर्डात फार दिसतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; बंदी कागदावर आणि पुडी टपरीवर, हे वेगळं सांगायला नको.

वॉर्डात एक मुलगी फॉर्म घेऊन आली. आमच्या माणसावर प्रयोग करणार आहेत का?

बहुतेक वेळा ती एम.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी असते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला प्रबंध द्यावा लागतो. ती बहुधा प्रश्न विचारेल, वजन-बी.पी. घेईल, किंवा तोंडाची निगा, व्यायाम, कूस बदलणं अशातली एखादी पद्धत करून बघेल. नवीन औषधाची चाचणी वेगळी असते आणि तिचे नियम याहून कडक असतात.

तरीही सही करण्याआधी काही गोष्टी बघायच्याच. अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी असली पाहिजे. तुमच्या हातात माहितीपत्रक मिळालं पाहिजे, आणि त्यावर संशोधकाचा व समितीचा फोन नंबर हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण त्या वेळी संशोधकाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर लागतो आणि कागद पूर्ण वाचून दाखवावा लागतो. धडगावकडून आलेल्या, फक्त पावरी बोलणाऱ्या बाईपुढे मराठी कागद भराभर वाचला आणि तिचा अंगठा घेतला, तर ती संमती नव्हे.

नाही म्हणालात तर उपचार थांबत नाहीत, खाट बदलत नाही, औषध कमी होत नाही. आज हो म्हणून उद्या नाही म्हणता येतं, कारण सांगायची गरज नाही. आणि रुग्ण शुद्धीत असेल तर सही त्याची. मुलगा शेजारी उभा आहे म्हणून आप्पांच्या ऐवजी मुलालाच विचारायचं, ही आपल्याकडची सवय आहे. ती बरोबर नाही. चेहऱ्याचा किंवा जखमेचा फोटो काढायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी मागावी लागते.

यातून आमच्या रुग्णाला काय मिळणार?

खरं सांगायचं तर अनेकदा थेट काहीच नाही. फायदा झालाच तर नंतर येणाऱ्या रुग्णांना. जी विद्यार्थिनी ‘तुमच्या आजीला याने नक्की आराम पडेल’ असं आधीच सांगते, तिला अभ्यास कशासाठी करायचा ते अजून कळलेलं नाही.

‘पॅलिएटिव्ह’कडे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले का?

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे परिहार सेवा, दुखणं, दम, मळमळ, झोप, भीती आणि घरच्यांची ओढाताण यांच्याकडे बघते. ती आजाराच्या औषधांबरोबर चालते. बोस्टनमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याबरोबर सुरुवातीपासून परिहार सेवा. दुसऱ्या गटाचं जगणं सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं. आयुष्यही जास्त भरलं, मध्यक (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा) ११.६ महिने, पहिल्या गटात तो ८.९ महिने होता. शेवटच्या काळातले जोरकस उपचार या गटाने कमीच घेतले होते.

आपल्या भागाला याहून जवळचा अभ्यास २००९ चा आहे. मेरी बकिटास या परिचारिका-संशोधकाने अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या ३२२ कॅन्सर रुग्णांवर तो केला. परिचारिका फोनवरून बोलायच्या: दुखलं तर काय करायचं, डॉक्टरांना काय विचारायचं, घरच्यांशी कसं बोलायचं. रुग्णांचं जगणं आणि मनःस्थिती सुधारली. त्रासाची तीव्रता मात्र फारशी घटली नाही, दवाखान्यातले दिवसही कमी झाले नाहीत, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. अक्कलकुव्याच्या पाड्यावरून दर आठवड्याला जिल्ह्याला येणं ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी फोनवरची सिस्टर हा उपाय तपासून बघण्यासारखा आहे. पावसाळ्यात तर रस्ताच नसतो. रेंज असते का, हा पुढचा प्रश्न.

देशात यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन ‘परिहार सेवेची ओ.पी.डी. कधी असते’ एवढं विचारा.

मॉर्फिन दिलं की व्यसन लागतं, माणूस लवकर जातो, हे खरं का?

कॅन्सरच्या दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून-मापून दिलेल्या मॉर्फिनने असं सहसा होत नाही. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. औषध दुखल्यावर देण्यापेक्षा दुखणं परत यायच्या आधी, घड्याळ लावून द्यायचं, हे त्यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवून दाखवलं आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांच्या शुश्रूषेचं केंद्र, सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये दुखण्याच्या औषधांची तीन पायऱ्यांची शिडी आखली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे.

आपल्याकडे गोळी मिळणं अवघड झालं ते १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे. एका औषधासाठी अनेक परवाने लागायचे, त्यामुळे दवाखाने ते ठेवतच नसत. २०१४ च्या दुरुस्तीने ती अट बरीच सोपी केली. भीती मात्र कायद्यापेक्षा हळू जाते, आमच्या नर्सिंगवाल्यांच्या मनातलीही.

मॉर्फिनने हमखास होते ती बद्धकोष्ठता. ती होतेच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि सुस्ती येते, ती बहुतेकांची ओसरते. गोळ्या पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि शेजारच्या कुणाच्या पाठदुखीवर देऊ नका.

दुखण्याची वही ठेवा. वेळ, शून्य ते दहात किती दुखतंय, काय केलं, तासाभराने किती राहिलं. आकडा सांगणं सगळ्यांना जमत नाही. ‘पोट दुखी ऱ्हायनं’ एवढंच म्हणणाऱ्या आजीला चेहऱ्यांची चित्रं दाखवा, किंवा नुसतं ‘कालच्यापेक्षा जास्त का कमी’ विचारा. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की डोस ठरवणं सोपं जातं.

बेडसोअर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायलाच हवी का?

पाठ्यपुस्तकात दोन तास लिहिलंय, आम्हीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. मग अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांमध्ये ९४२ जणांवर अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये आला. दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदललेल्या गटांत जखमांचं प्रमाण सारखंच निघालं. पण हा निकाल वाचून लगेच गजर चार तासांवर लावू नका. ती सगळी माणसं दाट फोमच्या चांगल्या गादीवर होती, आणि त्यांची नियमित पाहणी होत होती. आपल्याकडे दबलेली कापसाची गादी, तिच्यावर रेक्झिन, वरून मे महिन्यातला घाम. अशा गादीवर दोन तासच पाळा. एअर बेड असेल तरी कूस बदलावी लागतेच. मोटर लावली की काम संपलं असं नाही. भारनियमनात तो खाली बसतो, तेही बघत चला.

बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या परिचारिकांनी १९८७ मध्ये जोखमीचं एक मापन मांडलं. जाणीव, ओलावा, हालचाल, फिरणं, आहार आणि घासलं जाणं, या सहा गोष्टींना गुण द्यायचे; बेरीज ६ ते २३, आणि जितकी कमी तितका धोका जास्त. घरी बेरीज करत बसू नका, पण त्या सहा गोष्टी रोज डोळ्यांखालून घाला.

अंघोळ घालताना माकडहाड, टाचा, घोटे, खुबा, कानाची पाळी आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडा. पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे, त्या जागेवरचा दाब लगेच काढा. दाबूनही रंग बदलत नसेल तर जखम आतून सुरू झालेली असते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही; तिथे हात लावून बघा, भोवतीपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतं का. लाल जागेवर तेल रगडू नका, त्याने आतली कातडी आणखी फाटते. मधे भोक असलेली गोल उशीही नको, ती भोवतीचं रक्त अडवते. पूर्ण कुशीवर न करता पाठीमागे उशी लावून तिरकं ठेवा, आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. वर सरकवताना ओढायचं नाही. चादरीसकट दोघांनी उचलायचं.

हे माणसांना जमतं याचा सगळ्यांना माहीत असलेला दाखला मुंबईचा आहे. के.ई.एम.मधल्या परिचारिकांनी आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची १९७३ पासून २०१५ पर्यंत शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या शुश्रूषेचं कौतुक केलं. त्यांना बेडसोअर होऊ दिले नव्हते. त्या काळात तिथे कूस बदलणारे हात किती बदलले असतील, याचा कुणी नर्सने अभ्यास करायला हवा होता.

केळीच्या पानावर झोपवलं तर चालेल का? रावेरकडे सगळे करतात.

केळीचं पान जखमेला चिकटत नाही, हे खरं. मुंबईत भाजलेल्या रुग्णांवर त्याचा रीतसर अभ्यास झाला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वरवरच्या भाजलेल्या जखमेवर निर्जंतुक केलेलं पान हे स्वस्त, न दुखवणारं ड्रेसिंग ठरलं. पण ती पानं रुग्णालयात वाफेने निर्जंतुक केलेली होती. बागेतून आणलेल्या पानावर फवारणी असते, धूळ असते. आणि बेडसोअर होतो दाबाने. पान दाब कमी करत नाही.

तोंडाच्या जखमेला इतका वास येतो की पोरं खोलीत येत नाहीत. काही उपाय?

हा प्रश्न लोक सगळ्यांसमोर विचारत नाहीत, राउंड संपल्यावर मागे थांबून विचारतात. म्हणून आधी सांगते, यात तुमची किंवा रुग्णाची अस्वच्छता नाही. मेलेल्या पेशींमध्ये हवेविना वाढणारे जंतू बसतात, त्यांचा तो वास. मेट्रोनिडाझोल हे जुनं, स्वस्त औषध जखमेवर लावल्याने वास कमी होतो. जेल किंवा बारीक केलेली गोळी, कोणतं वापरायचं ते डॉक्टर सांगतील.

जखम धुवायला अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. जुनं ड्रेसिंग खसकन ओढू नका. त्याच पाण्याने भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग ते आपसूक सुटतं. कोरडं ओढलं तर रक्त येतं. हळद, राख, तंबाखू काही भरू नका. अळ्या दिसल्या तर घाबरून घासलेट ओतू नका, त्याच दिवशी ड्रेसिंगला आणा. त्या काढता येतात. एकदम भळाभळा रक्त आलं तर गडद रंगाच्या टॉवेलने दाबून धरायचं, हे घरात दोघांना आधीच सांगून ठेवा. पांढऱ्या कापडावर रक्त दिसलं की रुग्ण जास्त घाबरतो.

वास मोजणारी साधी श्रेणी असते: दारातच येतो, जवळ गेल्यावर येतो, ड्रेसिंग उघडल्यावर येतो. नातू पुन्हा मांडीवर बसायला लागला का, याची नोंद कुठल्याच श्रेणीत नाही. मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

‘आबांना कॅन्सर आहे हे सांगू नका हं, सिस्टर.’ मग सांगायचं की नाही?

दर आठवड्याला कुणी ना कुणी वॉर्डाबाहेर गाठून हे म्हणतं. हेतू वाईट नसतो. पण आबा किरणोपचाराच्या खोलीबाहेर रांगेत बसतात, शेजारच्याशी बोलतात, बोर्ड वाचतात. भारतातल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसतं की घरचे लपवू बघतात, आणि रुग्णाला बऱ्याचदा आधीच कुणकुण असते. मग दोन्हीकडून नाटक चालतं, आणि आबा एकटे पडतात.

वाईट बातमी सांगण्याची सहा टप्प्यांची एक पद्धत २००० साली मांडली गेली, ती नर्सिंगमध्येही शिकवतात. तिचा दुसरा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो: आधी विचारा, ‘तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?’ तिसरा: ‘किती सांगू? सगळं, की थोडं थोडं?’ काही जण खरंच म्हणतात, ‘मुलाशी बोला, मला नको.’ तोही त्यांचा निर्णय, आणि तो पाळायचा. पण तो त्यांनी घेतलेला असला पाहिजे.

माहीत असलं की माणूस हिशेब पुरे करतो. शेताच्या वाटण्या, कर्जाचे कागद तर आहेतच. पण कुणाला आखाजीला लेक माहेरी यायला हवी असते, कुणाला श्रावणातल्या कानबाईच्या रोटाला घरी असायचं असतं. केमोची तारीख चार दिवस पुढे ढकलता येते का, हे डॉक्टरांना विचारता येतं. पण विचारणार कोण, जर आबांना केमो कशाची तेच सांगितलेलं नसेल? सिस्टर स्वतःहून निदान सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण आबांनी सरळ विचारलं तर तिला खोटं बोलायला लावू नका.

खाणंच सोडलंय. नाकातून नळी टाकून भरवायचं का?

आजार कोणता आणि कुठल्या टप्प्यावर, यावर ते अवलंबून. अर्धांगवायूनंतर गिळता येत नाही पण सुधारण्याची आशा आहे, तिथे नळी उपयोगी. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढल्याचं किंवा ठसका कमी झाल्याचं दिसलेलं नाही. उलट रुग्ण ती उपसू नये म्हणून हात बांधावे लागतात. तिथे हाताने, सावकाश, बसवून, रुचेल तेवढं भरवणं बरं.

कॅन्सरच्या अखेरच्या दिवसांत ‘निदान सलाईन तरी लावा’ असा आग्रह असतो. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी काहींना रोज एक लिटर सलाईन दिलं, काहींना नावापुरतं १०० मिलिलिटर. त्रासात किंवा आयुष्यात फरक पडला नाही. शेवटाकडे भूक जाते ती आजाराने. उपासमारीने माणूस चाललाय असं नसतं. तोंड मात्र कोरडं पडू देऊ नका. दर दोन तासांनी ओल्या मऊ कापडाने जीभ-हिरड्या पुसा, ओठांना तूप लावा. हे काम घरातल्या कुणालाही देता येतं, आणि ‘आम्ही काहीच करू शकलो नाही’ ही रुखरुख त्याने कमी होते.

दम लागतोय, ऑक्सिजन लावा ना!

रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तर लावावाच लागतो. तो कमी नसूनही दम लागत असेल, तर गोष्ट वेगळी. २०१० मध्ये अशा २३९ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. काहींच्या नाकातल्या नळीतून ऑक्सिजन, काहींच्या नळीतून साधी हवा. आराम दोघांना सारखाच. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंब्रिजला झालेल्या अभ्यासात हातातला छोटा पंखा चेहऱ्यावर धरल्यावर दम कमी झाला. पायावर धरल्यावर तसा झाला नाही. गालांवर, नाकाजवळ गार वारा लागला की मेंदूला दम कमी जाणवतो.

पण ते केंब्रिज. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पंखा लू फेकतो. आधी ओल्या कापडाने चेहरा पुसून मग पंखा, की कूलरसमोर खाट, की पहाटेची वेळ? विद्यार्थ्यांनो, हा विषय तुमची वाट बघतोय. आणि पुढे झुकून, समोरच्या स्टुलावरच्या उशीवर हात टेकून बसवणं आजच करून बघा.

डायलिसिसवाल्या नातेवाइकाला भेटायला जाताना केळी नेली, तर सिस्टर ओरडल्या.

एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. बंद पडलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. केळीच्या जिल्ह्यात हे सांगणं जड जातं, पण सांगावं लागतं. नारळपाणीही तसंच. उन्हाळ्यात पाण्याचं बंधन पाळणं सगळ्यात कठीण: दिवसाचं ठरलेलं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा, छोट्या पेल्याने घ्या, बर्फाचा खडा चघळा, तोही हिशेबात धरा. पापड, लोणचं, शेव आणि ठेच्यातलं मीठ कमी केलं की तहानच कमी लागते.

सिकलसेलचा मुलगा वारंवार ‘दुखतंय’ म्हणतो. खरंच एवढं दुखतं का?

दुखतं. विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या हाडा-मांसाला रक्त मिळत नाही. वरून काहीच दिसत नाही, सूज नाही, जखम नाही. म्हणून हा मुलगा नाटकी ठरतो, शाळेतही आणि कधी कधी दवाखान्यातही. जगभरच्या नर्सिंग अभ्यासांत सिकलसेलच्या रुग्णांची हीच तक्रार येते: आमच्यावर विश्वास ठेवत नाहीत, औषधासाठी ताटकळत ठेवतात.

नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत हा आजार बराच आहे. देशपातळीवरची सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, त्यात चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. कार्ड मिळालं असेल तर ते जपा, लग्न जमवताना दोन्हीकडची कार्डं बघा. पाणी कमी पडणं, थंडी, ताप, अंगमोड काम, यांनी दुखणं उसळतं. तोरणमाळच्या डिसेंबरात आश्रमशाळेतल्या पोराला पुरेसं पांघरूण आहे का, गार पाण्याने अंघोळ तर नाही ना, हे वॉर्डनला विचारा. हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू असेल तर बरं वाटलं म्हणून बंद करू नका. आई-बाप ऊसतोडीला जाणार असतील तर गोळ्या किती दिवसांच्या घ्यायच्या, ते निघायच्या आधी ठरवा. ताप, छातीत दुखणं, दम किंवा एकाएकी फिकेपणा, यात घरी थांबू नका.

घरी सगळं सुनेवर पडलंय. तिचा कुणी विचार करतं का?

संशोधनात करतात. काळजीवाहूचा भार मोजणारी २२ प्रश्नांची झारिट यादी जगभर वापरली जाते: स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, चिडचिड होते का, तब्येत बिघडली का. आपल्याकडे सासूसमोर बसवून सुनेला हे प्रश्न विचारले तर सगळी उत्तरं ‘नाही, नाही’ येतात. तिला ओट्याशी, एकटीला विचारा. आणि घरच्यांनो, आठवड्यातून एक रात्र मुलाने आईजवळ झोपावं. कूस बदलायला पदवी लागत नाही.

सिस्टर आमच्याकडे लक्षच देत नाहीत. संशोधनाला वेळ आहे?

राग समजतो. पण एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, तो आकडाही बघा. लिंडा एकेन या परिचारिका-संशोधकाने यावर कारकीर्द घालवली. युरोपातल्या नऊ देशांच्या २०१४ च्या अभ्यासात, प्रत्येक नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं तिथे ती ७ टक्क्यांनी कमी होती. रिकाम्या जागा भरा, अशी मागणी करताना हेच आकडे पुढे ठेवावेत. नुसतं ‘सिस्टर उद्धट आहेत’ अशी तक्रार पेटीत टाकून काही होत नाही.

मी एम.एस्सी.ला आहे. प्रबंधाला कोणता विषय घेऊ?

एक विनंती: ‘अमुकविषयी ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ हा नको. आधी प्रश्नपत्रिका, मग तक्ते दाखवून भाषण, मग तीच प्रश्नपत्रिका. गुण वाढणारच, नुकतंच तर सांगितलं! त्यातून कुणाची पाठ वाचली, कुणाला झोप लागली, काहीच कळत नाही. कपाटंच्या कपाटं अशा प्रबंधांनी भरली आहेत. मार्गदर्शकांना हा विषय सोयीचा पडतो, कारण तो वेळेत संपतो.

त्याऐवजी रुग्णाच्या अंगावर किंवा अनुभवात दिसेल अशी गोष्ट मोजा. कापसाच्या गादीवर किती वेळात लाली येते? डिस्चार्जनंतर सात दिवसांनी फोन केला तर ड्रेसिंग बरोबर होतंय का? सुरत, नाशिक किंवा टाटाला रेफर केलेल्यांपैकी किती पोचले, आणि न पोचलेल्यांचं काय अडलं? हा शेवटचा विषय मुलाखतींचा आहे. त्याला शेकडो रुग्ण लागत नाहीत, पंधरा-वीस जणांशी नीट बोललात तरी पुरतं. त्यांच्या घरच्या बोलीत बोला आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी घ्या.

गंभीर आजारी माणसाला चाळीस प्रश्नांचा फॉर्म देऊ नका. दहा मिनिटांत थकतो तो. मुलाखतीत कुणी रडायला लागलं तर पेन खाली ठेवा. पुढे काय करायचं, कुणाला बोलवायचं, हे समितीला दिलेल्या अर्जात आधीच लिहिलेलं असावं. आणि उत्तर ‘फरक पडला नाही’ असं आलं तर तसंच लिहा.

अभ्यासाचा निकाल आम्हाला कधी कळतो?

बहुतेक वेळा कळतच नाही, आणि ही चूक आमच्या बाजूची आहे. प्रबंध ग्रंथालयात जातो, विद्यार्थिनी नोकरीला लागते. उपाय साधा आहे: सही करतानाच ‘निकाल मराठीत एका पानावर पाठवाल का’ असं विचारा आणि तसं फॉर्मवर लिहून घ्या. उपचारांची तुलना करणारे अभ्यास देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत टाकलेले असतात, ती २००७ पासून सुरू आहे आणि कुणालाही ऑनलाइन बघता येते. माहितीपत्रकाची तुमची प्रत केसपेपरच्या पिशवीत ठेवा. नंबर त्याच्यावरच असतो, आणि डिस्चार्जच्या गडबडीत आधी हरवतं ते तेच.